खोक्यावर जे छापत नाहीत

व्हीआर हेडसेटची जाहिरात उघडली की सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतो तो रिझोल्यूशनचा आकडा. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ चा हा आकडा आहे प्रत्येक डोळ्याला २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल. दोन्ही डोळ्यांचे मिळून सुमारे ९१ लाख पिक्सेल झाले. भिंतीवरच्या फोर-के टीव्हीत ते ८३ लाख असतात. साहजिकच घेणाऱ्याला वाटतं, चित्र टीव्हीपेक्षा स्वच्छ दिसणार. प्रत्यक्षात हेडसेट डोक्यावर चढवून विमानाच्या गेममध्ये बसलं की समोरच्या घड्याळावरचे बारीक आकडे वाचायला मान पुढे न्यावी लागते.

आकडा खोटा नसतो, पण तो अर्धाच असतो. सोफ्यावरून पाहताना टीव्ही आपल्या नजरेचा तीसेक अंशांचा तुकडा व्यापतो. हेडसेटला जवळजवळ तेवढेच पिक्सेल शंभर-एकशेदहा अंशांवर पसरावे लागतात, तेही प्रत्येक डोळ्यासाठी वेगळे. म्हणून खरं माप आहे ते एका अंशात किती पिक्सेल बसतात याचं. निरोगी डोळा अंशाला साठ पिक्सेलपर्यंतचा तपशील टिपतो. क्वेस्ट ३ पंचविसाच्या आसपास पोचतो, त्याआधीचा क्वेस्ट २ विसाच्या. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे घरगुती पीसी-व्हीआरचे पहिले मोठे हेडसेट आले, तेव्हा प्रत्येक डोळ्याला १०८० गुणिले १२०० पिक्सेल होते आणि खिडकीच्या डासांच्या जाळीतून बाहेर पाहावं तसं सगळं जग दिसायचं. ती जाळी आता जवळपास गेली आहे. त्यामुळेच माझं मत असं, की आज हेडसेट निवडताना रिझोल्यूशनचा आकडा सगळ्यांत शेवटी पाहावा. आधी भिंग पाहावं, मग आपल्या डोळ्यांमधलं अंतर, मग संगणकातलं चित्र डोळ्यांपर्यंत कुठल्या वाटेने येतं ते, मग आपली खोली. आणि या सगळ्यांइतकंच महत्त्वाचं, पण कुठल्याच खोक्यावर न छापलेलं: हे यंत्र चालू ठेवणारं सॉफ्टवेअर कोणाच्या हातात आहे.

भिंगापासून सुरुवात करू. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली दाखवून दिलं, की दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रं दिली तर मेंदू त्यांतून खोलीचा, म्हणजे जवळ-लांबचा, भास तयार करतो. हेडसेट आजही तेच करतो. अडचण एवढीच, की डोळ्यापासून पाच सेंटीमीटरवरचा पडदा कुणालाच स्पष्ट दिसत नाही. भिंग तो पडदा दीड-दोन मीटर लांब असल्याचा भास घडवतं. पण जाड काचेचं भिंग नाकावर पेलवणार नाही, म्हणून बरीच वर्षं हेडसेटमध्ये फ्रेनेल भिंगं वापरली गेली. ऑगस्टॅं फ्रेनेलने ही रचना एकोणिसाव्या शतकात दीपगृहांसाठी विकसित केली: भिंगाची जाडी काढून टाकायची आणि वक्रतेच्या गोल गोल पायऱ्या तेवढ्या ठेवायच्या. दीपगृहात उत्तम. डोळ्यासमोर मात्र त्या पायऱ्यांच्या कडांवर प्रकाश विखुरतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती प्रकाशाच्या रेघा ओघळतात. शिवाय चित्र फक्त मधोमध स्वच्छ असतं. बाजूचं पाहायला डोळे फिरवून भागत नाही, अख्खी मान फिरवावी लागते.

नव्या हेडसेटांमध्ये पॅनकेक भिंगं आली. यात ध्रुवित प्रकाश भिंगांच्या थरांमध्येच मागे-पुढे परावर्तित केला जातो, म्हणून पडदा आणि डोळा यांच्यातलं अंतर कमी करता येतं आणि हेडसेट चपटा होतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे चित्र कडेपर्यंत स्वच्छ राहतं. किंमत मोजावी लागते ती प्रकाशाची: पडद्यातून निघालेला बहुतांश उजेड वाटेतच वाया जातो. पण घेणाऱ्याने एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे: क्वेस्ट ३ मध्ये पॅनकेक भिंगं आहेत आणि त्याच्या स्वस्त भावंडात, क्वेस्ट ३एस मध्ये, फ्रेनेल. दोघांतला प्रोसेसर एकच. अमेरिकेत ३एस २०२४ साली ३०० डॉलरला बाजारात आला आणि ३ त्याआधी वर्षभर ५०० डॉलरला. माझ्या मते त्या दोनशे डॉलरच्या फरकातला मोठा वाटा भिंगाचा आहे, आणि जो गेममध्ये अक्षरं वाचणार आहे, विमान चालवणार आहे किंवा व्हीआरमध्येच मोठ्या पडद्यावर सिनेमे पाहणार आहे त्याने तो द्यावा. ज्याला फक्त बीट सेबर या गेममध्ये ठोकळे कापायचे आहेत त्याला ३एस पुष्कळ झाला.

आता डोळ्यांमधलं अंतर. इंग्रजी आद्याक्षरांनी ते आयपीडी म्हणून ओळखलं जातं. दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं हे अंतर प्रौढांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण कुणाचं ५६ तर कुणाचं ७१. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर कितीही महागडा हेडसेट धूसर दिसतो, थोड्या वेळाने कपाळ ठणकायला लागतं, आणि माणूस निष्कर्ष काढतो की आपल्याला व्हीआर सोसत नाही. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून हे अंतर हवं तसं जुळवता येतं. क्वेस्ट ३एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच खाचा आहेत. तुमचं अंतर त्यांच्या मधोमध पडलं तर तडजोड आली. बिगस्क्रीन बियॉण्ड नावाचा १२७ ग्रॅमचा हेडसेट २०२३ मध्ये आला तो तर एकेका गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याचं मोजमाप घेऊन, भिंगांमधलं अंतर ठरवूनच बनवत. म्हणजे तो घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यायची सोय नाही. आपल्याकडे चष्मा करणारा दुकानदार हे माप काढतोच, फक्त कागदावर लिहून देत नाही. त्याच्याकडून ते मागून घ्यावं आणि मगच खरेदीला बसावं.

चष्म्याचा विषय निघालाच आहे तर: दूरचा नंबर असेल, सिलिंड्रिकल नंबर असेल, तर हेडसेटमध्येही तो लागतो. पडदा दीड-दोन मीटरवर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे नुसती चाळिशी लागलेल्यांना वाचायचा चष्मा सहसा लागत नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. चष्मा घालून हेडसेट चढवता येतो, पण चष्म्याची काच प्लास्टिकच्या भिंगावर घासली की चरा कायमचा. आपल्या नंबरची वेगळी भिंगं करून हेडसेटमध्ये बसवून घेणं हा खर्च वायफळ नाही.

चित्राची वाट हा भाग सगळ्यांत कमी समजावला जातो आणि सगळ्यांत जास्त पैसे इथेच फुकट जातात. संगणकावरचे गेम हेडसेटमध्ये आणण्याचे मार्ग दोन. पहिल्यात हेडसेट म्हणजे डोक्यावरचा मॉनिटर. तो डिस्प्लेपोर्टच्या केबलने थेट ग्राफिक्स कार्डाला जोडायचा. व्हॉल्व कंपनीचा २०१९ चा इंडेक्स, पिमॅक्स क्रिस्टल लाइट, बिगस्क्रीन बियॉण्ड हे सगळे या जातीचे. दुसऱ्या मार्गात हेडसेट स्वतःच एक छोटा संगणक असतो, आणि तुमचा मोठा संगणक त्याला चित्राचा व्हिडिओ पाठवतो. यूएसबी केबलने किंवा वाय-फायवरून. क्वेस्ट हा या दुसऱ्या जातीतला.

हिशेब करून पाहा. क्वेस्ट ३ चे ९१ लाख पिक्सेल सेकंदाला नव्वद वेळा बदलायचे तर सेकंदाला सुमारे २० गिगाबिट कच्चा माल तयार होतो. डिस्प्लेपोर्टच्या १.४ आवृत्तीतून तो जसाच्या तसा जाऊ शकतो. वाय-फायवरून व्यवस्थित जातात ते २०० मेगाबिट धरा. म्हणजे शंभर भागांतला एक भाग ठेवून बाकीचं दाबून टाकायचं, पाठवायचं आणि पलीकडे पुन्हा उलगडायचं. हे इतकं चांगलं साधतं हेच नवल आहे. तरीही दाट झाडीत, गवतात, पावसाच्या धारांत चित्र किंचित पुसल्यासारखं दिसतं आणि वेळही थोडा वाढतो. मान वळवल्यावर तो जाणवत नाही, कारण मिळालेलं चित्र हेडसेट स्वतः ताज्या दिशेला सरकवून दाखवतो. हात झपकन फिरवल्यावर मात्र जाणवतो.

पण केबल नसण्याचं सुख वेगळंच आहे. गेममध्ये मागे वळायचं आणि पायात केबल गुंतली की आपण कुठे आहोत याची आठवण लगेच होते. माझा कल म्हणून बिनतारीकडे आहे, फक्त त्याच्या अटी पाळायला हव्यात. संगणक राउटरला लॅन केबलनेच जोडलेला हवा. संगणकही वाय-फायवर आणि हेडसेटही वाय-फायवर असलं की एकच हवा दोघांत वाटली जाते आणि चित्र अडखळतं. राउटर ५ गिगाहर्ट्झचा, शक्यतो वाय-फाय ६ चा, आणि खेळायच्या खोलीतच हवा. इंटरनेट कंपनीने बसवून दिलेला हॉलमधला राउटर आणि मध्ये दोन विटांच्या भिंती, ही रचना यूट्यूबला चालते, व्हीआरला नाही. इंटरनेटच्या वेगाशी याचा काही संबंध नाही. चित्र घरातल्या घरात फिरतं. मेटाचं एअर लिंक, व्हर्च्युअल डेस्कटॉप, आणि २०२३ च्या अखेरीस क्वेस्टवर आलेलं व्हॉल्वचं स्टीम लिंक, ही तीन सॉफ्टवेअरं हे काम करतात. व्हर्च्युअल डेस्कटॉप विकत घ्यावं लागतं, पण अडखळणारं चित्र ताळ्यावर आणायला त्यातल्या बारीक सेटिंग्ज कामी येतात.

लॅपटॉपवाल्यांनी पहिल्या जातीचा हेडसेट घेण्याआधी जरा थांबावं. बऱ्याच लॅपटॉपांना डिस्प्लेपोर्ट नसतो, आणि बाहेरून दिसणारा यूएसबी-सी पोर्ट आतून प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सला जोडलेला असतो, वेगळ्या कार्डाला नाही. मग हेडसेट चांगला, लॅपटॉपही चांगला, आणि दोघांची गाठ पडत नाही. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर २ याचंच उदाहरण. तो २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी आला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सोनीने साठ डॉलरचा अडॅप्टर काढून तो संगणकाला जोडायची सोय केली. ओएलईडी पडदा असल्यामुळे त्यातला काळा रंग खरोखर काळा दिसतो. भुताटकीचे गेम खेळणाऱ्याला या किमतीत असा अंधार सहसा दुसरीकडे मिळत नाही. पण अडॅप्टरला डिस्प्लेपोर्ट लागतो, कंट्रोलरसाठी संगणकात ब्लूटूथ लागतं, आणि नजर कुठे आहे ते ओळखणं, हेडसेटचं थरथरणं, एचडीआर या त्याच्या खास गोष्टी संगणकावर चालत नाहीत.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडक्यात. साध्या फुल एचडी मॉनिटरवर सेकंदाला साठ चित्रं दाखवायला कार्डाला साडेबारा कोटी पिक्सेल रंगवावे लागतात. क्वेस्ट ३ ला नव्वदच्या वेगाने ८२ कोटी. वर भिंगामुळे चित्र ताणलं जातं, ते आधीच उलटं वाकवून द्यावं लागतं, आणि मधला भाग तरीही स्वच्छ राहावा म्हणून पडद्यापेक्षा मोठं चित्र काढून मग ते लहान करतात. सगळ्या सेटिंग्ज वरच्या टोकाला नेल्या तर बोजा याच्याही जवळजवळ दुप्पट होतो. पिमॅक्स क्रिस्टल लाइटच्या दोन पडद्यांत एक कोटी ६६ लाख पिक्सेल आहेत; तो मध्यम कार्डाला लावायचा म्हणजे रिझोल्यूशन उतरवूनच खेळायचं, मग ते पिक्सेल विकत कशाला घ्यायचे? आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० च्या वर्गातलं कार्ड असेल तर क्वेस्ट ३ च्या पातळीवर थांबावं. व्हीआरमध्ये कार्डाची स्मृतीही लवकर भरते, ८ जीबीपेक्षा १२ जीबी बरी. वाय-फायने खेळणाऱ्याने आणखी एक पाहावं: एनव्हिडियाची ४० मालिका आणि एएमडीची ७००० मालिका इथून पुढची कार्डं एव्ही१ या नव्या पद्धतीने व्हिडिओ दाबतात, आणि क्वेस्ट ३ तो उलगडू शकतो.

वेग का महत्त्वाचा? नव्वद हर्ट्झ म्हणजे एका चित्राला ११ मिलिसेकंद. मान वळल्यापासून नवं चित्र डोळ्याला दिसेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांच्या आत काम झालं पाहिजे, असं या क्षेत्रातले अभियंते धरून चालतात. कार्डाला हे जमलं नाही की चित्र मागे रेंगाळतं. डोळे एक सांगतात, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग दुसरं सांगतो, आणि पोट ढवळायला लागतं. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचणाऱ्याला होतं त्याच्या हे बरोबर उलट आहे: तिथे शरीर हलतं आणि डोळे स्थिर असतात, इथे डोळे हलतात आणि शरीर स्थिर. म्हणून चांगल्या कार्डावर, चांगल्या हेडसेटमध्येही, गेममध्ये कंट्रोलरची काडी पुढे ढकलून धावलं की नवख्याला मळमळतं. हाफ-लाइफ: ॲलिक्स हा २०२० चा गेम आजही पहिला म्हणून सुचवला जातो, कारण त्यात धावण्याऐवजी इथून तिथे उडी मारून जायचा पर्याय नीट बसवला आहे. पहिली मळमळ आली की लगेच हेडसेट काढावा. नेटाने खेळत राहिलात तर शरीर सरावत नाही, उलट पुढच्या वेळी हेडसेट पाहूनच नको वाटतं. टेबल फॅन समोर ठेवून खेळणारे बरेच आहेत. घाम कमी येतो आणि वारा कुठून येतो त्यावरून आपलं तोंड कुठे आहे तेही कळत राहतं.

पंख्यावरून छताकडे. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंडने डोक्यावर चढवायचा पहिला संगणकीय पडदा केला, तेव्हा डोकं कुठे वळलं हे मोजणारा यांत्रिक दांडा छताला टांगलेला होता. आपल्याकडे छताला पंखा असतो, आणि बीट सेबर खेळताना हात वर जातातच. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत हा मुद्दा पहिला. हात ताठ वर करून, त्यात कंट्रोलर धरून, बंद पंख्याखाली उभं राहून पाहा. पातं लागत असेल तर जागा बदला, नाहीतर पंखा बंद ठेवूनच खेळा.

खोलीत फिरून खेळायचं तर साडेसहा फूट बाय पाच फूट मोकळी जागा किमान लागते. टीपॉय सरकवून हॉलमध्ये ती निघते. तेवढी नसेल तर बसून खेळायचे गेमच घ्यावेत, त्यात कमीपणा काही नाही. गाड्यांच्या शर्यती आणि विमानं ही पीसी-व्हीआरची खरी ताकद आहे आणि ती खुर्चीतच भोगायची असते. जागेवरूनच हेडसेटची जात ठरते. इंडेक्स किंवा बियॉण्डसारख्यांना खोलीच्या कोपऱ्यांत लेझर फिरवणाऱ्या पेट्या बसवाव्या लागतात. त्यांचा नेम अचूक, अंधारातही चालतो, हात पाठीमागे नेला तरी हरवत नाही. पण भिंतीला भोकं, प्रत्येक पेटीला वेगळा प्लग, आणि भाड्याच्या घरात मालकाची परवानगी. क्वेस्टसारखे हेडसेट स्वतःवरच्या कॅमेऱ्यांनी खोली पाहतात. त्यांना उजेड लागतो, कोऱ्या पांढऱ्या भिंती आणि कपाटाचा मोठा आरसा त्यांना गोंधळात टाकतो. हात हेडसेटच्या मागे गेला की तो क्षणभर अंदाजाने चालतो. ट्यूबलाइटखाली ट्रॅकिंग उगाच डळमळत असेल तर क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करावी. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, अमेरिकेची ६०.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो मुद्दा. एचपी कंपनीने २०२० च्या अखेरीस रिव्हर्ब जी२ हा हेडसेट सहाशे डॉलरला आणला. प्रत्येक डोळ्याला २१६० गुणिले २१६० पिक्सेल, उत्तम स्पीकर. विमानं चालवणाऱ्यांचा तो लाडका झाला. पण तो चालायचा मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या सॉफ्टवेअरवर. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या मोठ्या अपडेटमधून, २४एच२ मधून, ते काढून टाकलं. हेडसेटमध्ये बिघाड काहीच नव्हता. भिंगं तीच, पडदा तोच. अपडेट करणाऱ्यांच्या टेबलावर मात्र एका रात्रीत शोभेची वस्तू उरली. पुढे २०२५ मध्ये एका अभियंत्याने स्वतःहून ड्रायव्हर लिहिला आणि एनव्हिडियाचं कार्ड असणाऱ्यांचे हेडसेट पुन्हा चालू झाले. इतरांचे नाहीत.

मेटाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. पामर लकी या तरुणाची ऑक्युलस कंपनी २०१२ साली लोकवर्गणीतून उभी राहिली आणि २०१४ मध्ये फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, ती सुमारे दोन अब्ज डॉलरला घेतली. २०२० मध्ये क्वेस्ट २ आला तेव्हा फेसबुकचं खातं असल्याशिवाय तो चालूच होत नसे. खातं बंद झालं तर हेडसेटही बंद. लोकांनी आरडाओरडा केल्यावर २०२२ मध्ये ती अट गेली आणि मेटाचं वेगळं खातं आलं. केवळ संगणकासाठी हेडसेट बनवणं मेटाने केव्हाच सोडलं आहे. पीसीला जोडायची सोय ही आता क्वेस्टची जोडसोय आहे. ती उद्या काढली जाईल असं मी म्हणत नाही. पण तिच्यावर कंपनीचं घर चालत नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असावं.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. संगणकावर खेळायचे व्हीआर गेम व्हॉल्वच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात विकत घ्यावेत, हेडसेट विकणाऱ्या कंपनीच्या दुकानात नाही. ओपनएक्सआर हे सामायिक मानक २०१९ पासून आहे, त्यामुळे स्टीमवरचा गेम उद्याच्या वेगळ्या हेडसेटवरही बहुधा चालेल. आणि एकाहून जास्त वाटांनी संगणकाशी जोडला जाणारा हेडसेट बरा. क्वेस्टला मेटाची स्वतःची वाट आहे, व्हॉल्वची आहे, व्हर्च्युअल डेस्कटॉपची आहे. एक बंद पडली तर दुसरी उरते. रिव्हर्बला एकच होती. व्हॉल्वने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टीम फ्रेम नावाचा नवा बिनतारी हेडसेट जाहीर केला. त्याच्यासोबत संगणकाला लावायचा वेगळा वायरलेस डोंगल आहे, म्हणजे घरच्या राउटरवर भिस्त नाही, आणि डोळा जिथे पाहतो तेवढाच भाग उच्च दर्जाने पाठवायची युक्ती त्यात आहे. स्टीम चालवणारीच कंपनी तो बनवते हे त्याचं मोठं बळ. खरेदीला निघाल त्या दिवशी तो आपल्याकडे कितीला पडतो ते आधी पाहावं.

इथे किमतीचा प्रश्न येतो. २०१७ मध्ये व्हाइव्ह भारतात अधिकृतपणे आला तेव्हा त्याची किंमत होती ९२,९९० रुपये. आज त्याहून कितीतरी सरस यंत्र निम्म्या-पाऊण पैशांत मिळतं, पण बहुतेक हेडसेट इथे आयातदारांमार्फत येतात. डॉलरच्या किमतीला विनिमय दराने गुणून थांबू नये. सीमाशुल्क, जीएसटी आणि आयातदाराचा नफा त्यावर चढतो. विकणारा वॉरंटी म्हणतो ती कंपनीची की त्याच्या दुकानाची, हे बिलावर लिहून घ्यावं. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवणं स्वस्त पडतं, पण बिघडलं तर तो पुन्हा येईपर्यंत थांबायची तयारी हवी. घरात लहान मुलं असतील तर वयाची अटही पाहून ठेवा: सोनी बारा वर्षांखालच्यांना हेडसेट देऊ नका म्हणते, मेटाने २०२३ मध्ये आई-वडिलांच्या देखरेखीखाली दहा वर्षांपर्यंत ही मर्यादा खाली आणली.

आणि खरोखर फक्त बीट सेबरच खेळायचा असेल, तर संगणक लागतच नाही. तो क्वेस्टवर एकट्याने चालतो. ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचले.

जुना हेडसेट घेणारे हल्ली वाढले आहेत, त्यांच्यासाठी तपासणी वेगळी. खात्यातून आधीच्या मालकाने तो काढून टाकला आहे ना, हे त्याच्यासमोरच पाहावं. कंट्रोलरची काडी सोडून दिल्यावर गेममधला माणूस आपोआप सरकतो का ते बघावं. भिंगांवर मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून चरे शोधावेत. आणि पूर्ण पांढरं चित्र लावून दोन्ही डोळे आळीपाळीने मिटून पडदा नीट न्याहाळावा. हेडसेट खिडकीपाशी किंवा गॅलरीत उघडा ठेवला गेला असेल तर भिंगांतून ऊन एका बिंदूवर एकवटतं आणि काही क्षणांत पडदा भाजतं. पिवळट किंवा काळी वळवळती रेघ दिसते ती त्याचीच. अशी रेघ दिसली तर भाव पाडून घेण्याच्या फंदात पडू नये, सरळ उठावं. ती दुरुस्त होत नाही.